फी माफ झाली, मेसचं काय? देणगीतून मिळणारी शिष्यवृत्ती कुठे, कशी आणि किती मागायची

मुलाखतीला आलेल्या मुलीने वहीचं एक पान टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "सर, फॉर्ममध्ये जागा नव्हती म्हणून वेगळं लिहून आणलंय." पानावर एवढंच होतं: मेस ३२००, रूम ३५००, बस ८००, झेरॉक्स-रिचार्ज वगैरे १०००. एकूण ८५००. घरून येतात ५०००. खाली दोनदा अधोरेखित करून: कमी पडतात ३५००.

पुण्यातल्या एका छोट्या ट्रस्टसाठी मी काही वर्षं अर्ज वाचतो आणि मुलाखतींना बसतो. त्या दिवशी तिच्या आधी अकरा जण येऊन गेले होते. प्रत्येकाची परिस्थिती 'अत्यंत हलाखीची' होती, पण किती पैसे हवेत असं विचारलं की उत्तर एकच: "जेवढे मिळतील तेवढे." तिचा निर्णय आम्ही ती खोलीबाहेर पडायच्या आत घेतला. महिन्याला साडेतीन हजार, दहा महिने, म्हणजे वर्षाचे ३५ हजार.

हा लेख त्या पानाबद्दल आहे. देणगीदारांच्या पैशातून चालणाऱ्या शिष्यवृत्त्यांनी उच्च शिक्षण खरोखर स्वस्त होतं, पण लोक समजतात तसं नाही. सगळी फी भरणारा दाता क्वचितच भेटतो. सरकारी सवलत जिथे संपते आणि घरचे हात जिथे टेकतात, त्या दोहोंच्या मधली तूट हा पैसा भरून काढतो. गंमत म्हणजे शिक्षण बहुतेक वेळा त्या तुटीपायीच सुटतं. एके काळी पुण्यात गरीब मुलं माधुकरी मागून किंवा वारावर जेवून शिकायची, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. फीची सोय तेव्हाही कशीबशी व्हायची. प्रश्न जेवणाचाच असायचा, आणि आजही बऱ्याच अंशी तोच आहे.

पहिली पायरी: तुटीचा कागद

अर्ज शोधण्याआधी हे करा. एका कागदावर वर्षाचा खर्च आणि वर्षाची आवक मांडा. नमुना म्हणून खुल्या प्रवर्गातला, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आतलं असलेला, खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारा मुलगा धरू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला.

महाविद्यालयाची मंजूर फी १,२०,०००. त्यात शिक्षण शुल्क १,०५,००० आणि विकास शुल्क १५,०००. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचे निम्मे, म्हणजे ५२,५०० सुटले. भरायचे उरले ६७,५००. आता राहणं: खोली महिना ४,००० आणि मेस ३,२००, दहा महिन्यांचे ७२,०००. गावी जाणं-येणं ८,०००. पुस्तकं, ड्रॉइंगचं साहित्य, इंटरनेट १०,०००. हे झाले ९०,०००. एकूण गरज १,५७,५००. घरून महिना ५,००० प्रमाणे ५०,००० येणार.

तूट १,०७,५००.

'अर्धी फी माफ' हे शब्द ऐकून ज्या घरात पेढे वाटले गेले, त्या घराला हा आकडा दिवाळीनंतर कळतो. तो जूनमध्ये कळला तर निदान पाच दारं ठोठावता येतात.

कागद करताना दोन चुका हमखास होतात. पहिली, विकास शुल्क धरायचं राहून जातं. सवलत शिक्षण आणि परीक्षा शुल्कावर असते, संपूर्ण फीवर नाही. दुसरी, लॅपटॉप वर्षाच्या खर्चात घुसडला जातो. तो एकदाचा खर्च आहे, तो वेगळा लिहा. काही दाते वस्तू द्यायला आनंदाने तयार असतात, पण मासिक मदतीच्या भानगडीत पडत नाहीत. त्यांच्यासाठी ती वेगळी ओळ कामाची.

दुसरी पायरी: सरकारचं आधी घ्या

देणगीदाराकडे जाण्यापूर्वी महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलवरचा अर्ज झालेला असला पाहिजे. मुलाखतीत आमचा पहिला प्रश्न हाच असतो. जे पैसे सरकारकडून हक्काने मिळतात, ते ट्रस्टने का द्यावेत?

२०२४-२५ पासून महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. वहीचं पान आणणाऱ्या मुलीची फी त्यातच सुटली होती, म्हणून तिच्या हिशेबात फी नव्हतीच. वसतिगृहात किंवा भाड्याने राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास वर्ग, भटक्या जमाती यांच्यासाठी मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरची) शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप, म्हणजे फीमाफी, आहे.

यात पक्कं लक्षात ठेवायचं ते हे: 'व्यवस्थापन कोट्यातून', म्हणजे महाविद्यालय स्वतः भरतं त्या जागेवर, प्रवेश घेतला की यातल्या बऱ्याच सवलती हातच्या जातात. चांगलं नाव असलेल्या महाविद्यालयातली ती जागा घ्यावी की साध्या महाविद्यालयातली केंद्रीभूत प्रक्रियेतली, याचा निर्णय तुटीचा कागद समोर ठेवून करा. मी तरी बहुतेकांना दुसरी जागा घ्यायला सांगतो.

आणि बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हे बँकेत जाऊन विचारा. मोबाईलवर मेसेज आला म्हणजे जोडलं गेलं, असं नसतं.

तिसरी पायरी: दाता कोण आहे ते ओळखा

देणगीचा पैसा तीन-चार वेगवेगळ्या वाटांनी येतो आणि प्रत्येक वाटेचा स्वभाव निराळा.

सगळ्यात जुनी वाट कायम निधीची. कोणीतरी आईवडिलांच्या नावाने एक रक्कम ठेवतो, मुद्दल हलवायची नाही, व्याजातून शिष्यवृत्ती द्यायची. दहा लाख रुपये सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला सत्तर हजार येतात, म्हणजे ३५ हजारांचे दोन विद्यार्थी. ठेवीचे दर उतरले की त्या दोनांचा दीड होतो. तुमच्या महाविद्यालयाच्या आणि विद्यापीठाच्या कार्यालयात असे डझनभर निधी पडून असतात, त्यांची यादी माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात छापलेली असते. काही अटी मजेशीर असतात: अमुक तालुक्यातला, संस्कृत घेतलेला, मातृछत्र हरपलेला. म्हणूनच तिथे अर्ज कमी येतात. विद्यार्थी विभागातल्या कारकुनाला नीट विचारा, "साहेब, गेल्या वर्षी कोणत्या शिष्यवृत्तीला अर्जच आला नव्हता?" हा प्रश्न विचारणारी मुलं फार थोडी.

दुसरी वाट लोकवर्गणीतून चालणाऱ्या संस्थांची. पुण्याची विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण भागातल्या मुलामुलींसाठी वसतिगृहं चालवते आहे. डॉ. अच्युतराव आपटे यांनी ती सुरू केली, आणि पूर्वी तिथे राहून गेलेले विद्यार्थीच आज तिचे दाते आहेत. अशा वसतिगृहात जागा मिळणं म्हणजे हातात चेक न पडता मिळालेली शिष्यवृत्तीच. वरच्या नमुन्यात खोली आणि मेस मिळून ७२,००० होते. तूट कमी करायची तर सगळ्यात मोठी ओळ हीच आहे. लोक मात्र रोख रकमेच्या मागे लागतात आणि वसतिगृहाच्या अर्जाची तारीख उलटून जाते. बहुतेक ठिकाणी कमवा व शिका असतं, सकाळी दोन तास काम करावं लागतं. त्यात कमीपणा मानणाऱ्या पालकांशी मी वाद घालत नाही, पुढचा अर्ज उघडतो.

पुण्याचंच लीला पूनावाला फाउंडेशन फक्त मुलींसाठी आहे आणि पैशाबरोबर प्रशिक्षणही देतं. मुंबईत सिद्धिविनायक मंदिर न्यासाची पुस्तकपेढी आहे. ज्ञातिसंस्था, व्यापारी संघटना, तालुक्याची पतसंस्था, गावची यात्रा समिती यांच्याकडेही विद्यार्थी मदतीचा छोटा कप्पा असतो. पाच-दहा हजारांसाठी कुठे जायचं, असं म्हणू नका. पाच हजार म्हणजे दीड महिन्याची मेस.

तिसरी वाट कंपन्यांची. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि शिक्षण त्यात बसतं. एचडीएफसी बँकेची परिवर्तन शिष्यवृत्ती, मुलींसाठी कोटक कन्या, पदवीच्या पहिल्या वर्षासाठी रिलायन्स फाउंडेशनची शिष्यवृत्ती ही त्यातली ओळखीची नावं. रिलायन्सची मदत पूर्ण पदवीसाठी मिळून दोन लाखांपर्यंत आहे आणि तिला ऑनलाईन अभियोग्यता चाचणी द्यावी लागते. एचडीएफसीच्या योजनेत घरावर नुकतंच मोठं संकट कोसळलेल्यांचा वेगळा विचार होतो. कमावतं माणूस गेलं असेल तर ते लिहायला संकोचू नका. विद्यासारथी आणि बडी फॉर स्टडी या पोर्टलांवर यातल्या बऱ्याच जाहिराती एकत्र सापडतात. निकष दर वर्षी बदलतात, म्हणून मित्राने गेल्या वर्षी सांगितलेलं नको, चालू जाहिरात वाचा. इथे स्पर्धा देशभराची आहे, तेव्हा अर्ज जरूर करा पण त्याच्या भरवशावर राहू नका.

चौथी वाट थोडी वेगळी: कर्जाऊ शिष्यवृत्ती. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये जे. एन. टाटा एन्डोमेंट सुरू केला तेव्हापासून पद्धत हीच आहे. पैसे घ्या, शिकून या, परत करा, म्हणजे पुढच्याला मिळतील. पहिल्या दोन लाभार्थी स्त्रिया होत्या, दोघी डॉक्टर. त्यातल्या एक कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले तेही टाटा शिष्यवृत्ती घेऊन. परदेशातल्या पदव्युत्तर शिक्षणासाठी के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्ट आणि पदव्युत्तर शिक्षणासाठीच नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन बिनव्याजी कर्ज देतात. बिनव्याजी म्हणजे किती फरक? बँकेकडून तीन लाख अकरा टक्क्यांनी घेऊन पाच वर्षांत फेडले तर हप्ता साडेसहा हजारांच्या आसपास बसतो आणि व्याज सुमारे ९१ हजार जातं. शिकत असतानाच्या काळातलं व्याज वेगळंच. ते ९१ हजार म्हणजेच तुमची शिष्यवृत्ती.

चौथी पायरी: कागदपत्रं

एकदाच फाईल करा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, प्रवेशाची फी पावती, बोनाफाईड, रेशनकार्ड, आधार, पासबुकाचं पहिलं पान, अधिवास आणि लागू असेल तर जातीचा दाखला. शेती असेल तर सातबारा, वडील नोकरीत असतील तर फॉर्म १६. शिक्षणात खंड असेल तर गॅप सर्टिफिकेट. सगळं मोबाईलवर सावली न पाडता स्कॅन करून ठेवा.

यातला उत्पन्नाचा दाखला सगळ्यात त्रासाचा, कारण सेतू केंद्रातली रांग आणि तलाठ्याचा अहवाल निकालानंतर एकदम लांबतात. बारावीची परीक्षा संपल्याबरोबर एप्रिलमध्ये काढा, आर्थिक वर्ष कोणतं लागणार ते आधी पाहून. दाखल्यावर ४८ हजार आणि रूमचं भाडंच वर्षाला ४२ हजार, असे अर्ज आमच्याकडे येतात. दाखला खोटा आहे असं आम्ही लगेच म्हणत नाही, पण प्रश्न विचारतो. मामा भाडं भरतो हे खरं असेल तर तसं लिहा. लपवलेला मामा मुलाखतीत सापडतो तेव्हा अर्जातलं बाकीचं खरंही संशयात येतं.

पाचवी पायरी: अर्जातली ती दहा ओळींची जागा

'स्वतःबद्दल लिहा' या चौकटीपाशी बहुतेक अर्ज पडतात. आलेल्या शंभरातल्या निम्म्यांची सुरुवात अशी असते:

"माझ्या घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून मला लहानपणापासून शिक्षणाची आवड आहे. शिकून मला आईवडिलांचं नाव उज्ज्वल करायचं आहे व देशाची सेवा करायची आहे. तरी कृपया माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा."

यात खोटं काही नाही. पण हे वाचून माझ्या डोळ्यांपुढे कोणीच उभं राहत नाही. त्याच घरातला मुलगा असंही लिहू शकतो:

"आमची तीन एकर कोरडवाहू आहे. सोयाबीन निघालं की सोसायटीचं कर्ज फिटतं, हातात फारसं उरत नाही. आई अंगणवाडीत मदतनीस आहे, महिन्याचे पैसे तिचेच येतात. धाकटी बहीण दहावीला आहे. मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पहिल्या वर्षी एम-टू (गणिताचा दुसरा पेपर) राहिला होता, तो काढला. मेसचे तीन महिने थकले आहेत. वर्षाला ३२ हजारांची मदत झाली तर मेस सुटते. बाकीचं घरून आणि सुट्टीतल्या कामातून भागतं."

दुसऱ्यात विनवणी नाही, आणि राहिलेला विषयही लपवलेला नाही. तरी हा मुलगा मला आठवडाभर लक्षात राहील. यात मागणीचा आकडा आहे आणि तो कशासाठी हे आहे. 'बाकीचं भागतं' हे वाक्य तर दात्याला फार आवडतं, कारण आपले पैसे अर्धवट खड्ड्यात जाणार नाहीत याची त्याला खात्री पटते.

मराठीत लिहायची मुभा असेल तर मराठीतच लिहा. सायबर कॅफेवाल्याने तयार ठेवलेला इंग्रजी मजकूर आम्ही एकाच वर्षी सात अर्जांत वाचला, फक्त नावं बदललेली. सातही बाजूला गेले. त्यात दोन-तीन खरे गरजू असणार, याची अजून चुटपुट लागते.

सहावी पायरी: मुलाखत आणि घरभेट

मुलाखतीला इस्त्रीचे कपडे पुरेत, सूट भाड्याने आणू नका. प्रश्न साधे असतात: कोणता विषय आवडतो, त्यातलं काहीतरी समजावून सांग, मदत मिळाली नाही तर काय करणार? शेवटच्या प्रश्नावर रडू आलं तरी हरकत नाही, पण उत्तर तयार ठेवा.

काही संस्था घरी येतात. टीव्ही शेजारी नेऊन ठेवायची गरज नसते. आम्ही भिंती बघायला येत नाही, घरातलं माणूस मुलांच्या शिक्षणाबद्दल कसं बोलतं ते ऐकायला येतो.

पैसे कधी येतात

इथे पुष्कळ घरं फसतात. फी जुलै-ऑगस्टमध्ये भरायची असते. शिष्यवृत्ती, मग ती सरकारी असो की खासगी, बऱ्याचदा दिवाळीनंतर, कधी जानेवारी-मार्चमध्ये हातात पडते. मधले सहा महिने सावकार किंवा सोनं गहाण. त्यावर तीन उपाय. सरकारी सवलतीस पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी सवलतीची रक्कम आगाऊ घेऊ नये असे शासनाचे आदेश आहेत. महाविद्यालय ऐकत नसेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उरलेल्या फीचे हप्ते मागा. ट्रस्टला विचारा की रक्कम थेट महाविद्यालयाला देता येईल का. मंजुरीचं पत्र दाखवलं तर कार्यालय सहसा थांबतं.

तरी तूट राहिलीच तर शैक्षणिक कर्ज. चार लाखांपर्यंत बँका तारण मागत नाहीत. पण आधी शिष्यवृत्ती, मग कर्ज, हा क्रम ठेवा. वर्षाला ४० हजारांची मदत चार वर्षं मिळाली तर १,६०,००० कमी उचलावे लागतात. दहा टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचे म्हटले तर पहिल्या नोकरीत महिन्याला ३,४०० रुपयांचा हप्ता वाचला. पंधरा-अठरा हजार पगारावर सुरुवात करणाऱ्याला विचारा त्याची किंमत.

आता आतली एक गोष्ट. धर्मादाय संस्थांना आयकराची सूट टिकवायची तर उत्पन्नाचे ८५ टक्के खर्च दाखवावे लागतात, आणि वर्ष ३१ मार्चला संपतं. कुणी प्रवेश रद्द करतं, कुणाला दुसरी मोठी शिष्यवृत्ती मिळते, आणि जानेवारीत ट्रस्टकडे थोडे पैसे शिल्लक राहतात. जूनमध्ये नकार आलेल्या ठिकाणी जानेवारीत पुन्हा एक फोन करा, पहिल्या सेमिस्टरचा निकाल जोडून. आमच्याकडे दर वर्षी दोन-तीन मुलं अशी आत येतात.

अटी, आणि दुसरं वर्ष

मंजुरीच्या पत्रावर सही करण्याआधी ते वाचा. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेबांना कोलंबियासाठी शिष्यवृत्ती दिली, तिलाही शिक्षणानंतर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करण्याचा करार होता. आजचे दाते एवढं मागत नाहीत, पण विचारा: इतर शिष्यवृत्ती चालते का? एखादा विषय राहिला तर मदत थांबते की एक संधी मिळते? परतफेड आहे का, कधीपासून? दोन ठिकाणची मदत मिळाली तर दोघांनाही कळवा. शिक्षणाच्या खर्चासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीवर आयकर लागत नाही, तेव्हा ती लपवण्याचं कारणही नाही.

"तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली, पाच हजार प्रोसेसिंग भरा, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या. एखाद्या जुन्या ट्रस्टच्या अर्जाला किरकोळ शुल्क असू शकतं. मंजुरीनंतर पैसे मागणारा मात्र चोरच. शंका असेल तर संस्थेचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक मागा.

नूतनीकरण विसरल्याने जितक्या शिष्यवृत्त्या बंद पडतात, तितक्या नापास झाल्याने पडत नसाव्यात, असा माझा अनुभव. निकाल लागला की आठ दिवसांत गुणपत्रिका पाठवा, कुणी मागायची वाट न पाहता. सोबत तुटीचा नवा कागद.

ती मुलगी दुसऱ्या वर्षी आली तेव्हा नवं पान घेऊनच आली. मेस ३४००, रूम ३५००, बस ८००, इतर १०००. घरून ५०००. त्याखाली नवी ओळ, कमवा व शिका १५००. कमी पडतात २२००. गेल्या वर्षीपेक्षा तेराशे कमी मागितलेत, असं आमच्यातले एक जण म्हणाले. ती म्हणाली, "हो, मग हिशेब तेवढाच येतोय ना."

वाचलेले तेरा हजार त्या वर्षी एका नव्या मुलाच्या मेसला गेले.